लाल काजांचा शर्ट

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागनं भांडण नको. मी जीन्सचे पाय कापून देत नाही. तयार पॅन्ट दोन इंच आखूड करून पाहिजे असेल त्यानं कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडं जावं. माणूस चांगला आहे, चहा पीत पीत करून देतो. माझ्या दुकानात शिलाई होते. अंगावर काहीतरी नवं चढवायचं असेल त्यानंच माझी पायरी चढावी.

हे ऐकून लोक म्हणतात, सुमनबाईला माज आलाय. आलाय की! आख्खा जन्म शहापुरात कात्री चालवली, तेवढा तरी यायला नको?

मी मूळची वडगावची, विणकराच्या घरातली. लग्न होऊन शहापुरात आले ती शिंप्याच्या घरात. कटिंग मला मालकांनी शिकवलं. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मालकी कुणाची हे दुकानात आलेल्याला आपोआप कळतं. मालकांचे गुडघे गेले, कटिंगच्या टेबलाशी उभं राहता येईना, तेव्हा टेबलाशी मी उभी राहिले आणि ते खाली बसून काज-बटण करायला लागले. पाटीवर ‘जेन्ट्स टेलर’ आणि आत हातात टेप घेतलेली बाई. आमचा भाग सीमेवरचा, त्यामुळं पाटीवरची अक्षरं कुठल्या भाषेत केवढी पाहिजेत हे सांगायला अधनंमधनं साहेब लोक येतात. मी मुकाट्यानं रंगवून घेते. मधोमध एक कात्री काढून घेतलीय, ती सगळ्या अक्षरांपेक्षा मोठी आहे, आणि तिला अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

सुरुवातीला पुरुष गिऱ्हाईक दारातनंच परत जायचं. “मालक न्हाईत व्हय? मग येतो उद्या.” छाती मोजायला टेप गुंडाळला की चांगले मिशीवाले अंग आवळून श्वास रोखून धरायचे, आणि मग शर्ट घट्ट झाला म्हणून माझ्याच नावानं ओरडायचे. शेवटी मी बायकांची पद्धत पुरुषांना लावली. बायका शिंप्याकडं जाताना मापाचं ब्लाऊज नेतात. मी म्हटलं, तुम्ही मापाचा शर्ट आणा. घरात जो सगळ्यात आवडता असेल, विटका, कॉलर झिजलेला, तोच आणा. त्या शर्टावरनं माणूस कळतो. कुठला खांदा उतरलाय, मोबाईल कुठल्या खिशात ठेवतो, पोट कधीपासून सुटायला लागलंय, टेप यातलं काही सांगत नाही.

आणि हे मापाचे शर्ट बघूनच माझं डोकं फिरलं. सगळे एकसारखे! पांढरा शर्ट, काळा टी-शर्ट, निळी जीन्स, थंडीत राखाडी हुडी. कॉलेज सुटताना दारात उभं राहून बघा, आपला पोरगा कुठला हे आईलासुद्धा तोंड बघितल्याशिवाय कळायचं नाही. बाई साडी घ्यायला गेली की दुकानदाराला सगळं कपाट खाली काढायला लावते. पुरुष जातो आणि म्हणतो, “हाच द्या, एक माप मोठा.” का रं बाबा? तुझ्या अंगाला काय हौस नाही?

म्हणून मी माझ्यापुरतं बंड केलं. पांढऱ्या शर्टाच्या जागी लुंगीच्या चौकड्याचा, पट्टीच्या कॉलरीचा शर्ट. हुडीच्या जागी जुन्या धर्तीची कोपरी, पण पुढनं उघडी, आतल्या टी-शर्टावर घालायची. शेतकऱ्याची कोपरी घालून बंगळूरच्या ऑफिसात जाणारी पोरं आहेत माझी. जांबोटीचा एक जण आला, म्हणाला, “आक्का, आमच्याकडच्या पावसात तयार जाकिटाला बुरशी येती, यष्टीची वाट बघत उभारायचं तर काय घालू?” मी म्हटलं, घोंगडी आण. घोंगडीचं जाकीट शिवताना सुया मोडल्या, मालकांनी डोक्याला हात लावला, आत जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं तेव्हा कुठं ते टोचायचं थांबलं. पावसाळा संपल्यावर तो परत आला. म्हणाला, “झकास हाय आक्का. धबधबे बघायला आलेली पोरं थांबवून फोटो काढत्यात. पहिल्यांदा म्हशी तेवढ्या जवळ येऊ देईनात.”

पण मला खरं सांगायचंय ते पिस्त्याच्या रंगाच्या एका शर्टाबद्दल. त्यासाठी आहेराची गोष्ट सांगायला पाहिजे.

आमच्या भागात लग्नात पुरुषाला आहेर म्हणजे टॉवेल, टोपी आणि शर्टपीस. हा शर्टपीस सहसा कुणी शिवत नाही. तो कपाटात जातो, पुढच्या लग्नात बाहेर निघतो, नवीन पिशवीत बसतो आणि पुढच्या माणसाच्या मांडीवर पडतो. बरं, तो असतोही बेताचाच. मध्यम माणसाला कसाबसा पुरतो. जरा दांडगा गडी असला की बाही निघत नाही. असा कमी पडणारा पीस आला की मी मोजून परत देते, आणि देताना घडीच्या आत, कोपऱ्यात, लाल दोऱ्याचा एक फुलीचा टाका घालते. ही आमच्या वडगावची सवय. मागावर कापडात चूक राहिली की विणकर त्या जागी काठाला दोरा बांधतो, म्हणजे पुढच्याला शोधावी लागत नाही. माझ्या लाल फुलीचा अर्थ, मोजलंय, कमी आहे, परत विचारू नका. गंमत अशी की माझ्या फुलीचे पीस भलत्याच घरातनं, भलत्याच गावातनं माझ्याकडं परत यायचे. मी मनात म्हणायची, ये बाबा, दमला असशील फिरून.

तर एकदा उन्हाळ्यात, भर दुपारी, एक नवी सून पिशवी छातीशी धरून आली. चेहरा रडून सुजलेला. नाव लक्ष्मी, माहेर सदलगा, दिलेली येळ्ळूरला, भरमा पैलवानाला. पिशवीतनं शर्टपीस काढला आणि टेबलावर ठेवला.

“आक्का, ह्यात माझ्या मालकांचा शर्ट बसवा. काय बी करा.”

मी भरमाला जत्रेत लांबनं बघितलेलं. म्हटलं, “बाई, ह्यात त्याची एक बाही आणि कॉलर हुईल.”

तशी ती तिथंच स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मालकांनी पाणी दिलं. मग कळलं ते असं. लग्नात हा पीस तिच्या भावानं, बाळूनं, दाजींना आहेर केलेला. आईबाप नाहीत, भाऊच सगळं. घरात होता त्यातला सगळ्यात चांगला पीस त्यानं काढून दिला. सासू तेव्हापासून टोचून बोलत होती, “पावण्यानं माझ्या लेकाला रुमाल दिलाय.” आणि आता जत्रा आलेली. बाळू जेवायला येणार. सासूनं जाहीर करून टाकलेलं, जत्रेला येऊ दे, चार माणसांसमोर त्याचा पीस त्याच्या हातात परत देते.

“आहेर परत दिला तर माझा भाऊ परत हुंबरा ओलांडायचा न्हाय, आक्का. लई मानी हाय. मला माहेरच उरायचं न्हाय मग.”

मी तिला समजावत समजावत कापडाची घडी उलगडली आणि माझा हात थांबला. कोपऱ्यात लाल फुली. माझी.

फुल्या मी पुष्कळ घातल्यात, सगळ्या कुठल्या लक्षात राहतात? पण ही लक्षात होती. पिस्त्याचा रंग, त्यात बारीक चमकीचा धागा, आणि ह्या कापडावरनं माझं खणखणीत भांडण झालेलं. येळ्ळूरच्याच एक बाई नवऱ्यासाठी हा पीस घेऊन आलेल्या. तोही दांडगा पैलवान गडी. मी कमी आहे म्हटल्यावर त्या भर दुकानात ओरडल्या, “तुला कापता येत न्हाय म्हणून कापडाला नाव ठेवतीस? बाईमाणसाचं काम हाय व्हय हे?” मी त्यांच्या डोळ्यांदेखत लाल फुली घालून पीस परत दिलेला. त्या बाई गंगाक्का. भरमाची आई. आता रडत बसलेल्या या पोरीची सासू.

म्हणजे बघा! ज्या पिसावरनं सून टोमणे खात होती, तो सासूनंच कधीतरी कुणाच्यातरी मांडवात ढकलून दिलेला. कुठल्या कुठल्या मांडवातनं फिरत तो सदलग्याला गेला आणि तिथनं परत तिच्याच घरात आला. मी मालकांकडं बघितलं. त्यांनीही फुली बघितलेली. त्यांनी हळूच मान हलवली. बोलू नको.

लक्ष्मीला मी म्हटलं, “शर्ट हुईल. नवऱ्याला पाठवून दे. आणि डोळं पुस, कापडाव डाग पडतील.”

ती गेल्यावर मात्र मी मालकांवर घसरले. “आत्ताच्या आत्ता येळ्ळूरला जाते. गंगाक्काच्या ओट्यावर उभी राहून हा पीस तिला दाखवते. बाईमाणसाचं काम काय असतंय ते कळू दे तिला!”

मालक सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, “तू सांगून मोकळी हुशील गं. त्या पोरीला तिथंच ऱ्हायाचं हाय.”

राग आला मला. बरोबर बोलतात याचा जास्त आला.

भरमा दुसऱ्या दिवशी आला. मापाचा शर्ट नाहीच. म्हणाला, “शर्ट घालतच न्हाय आक्का. टाळी वाजवली तरी काखंत फाटतोय. लग्नातला कोट हार घालतानाच उसवला.” म्हणून जन्मभर पांढरा टी-शर्ट, तोही ताणून ताणून पडद्यासारखा झालेला. टेप त्याच्या छातीभोवती जेमतेम पुरला. पोरगा मात्र शांत. जाताना म्हणाला, “आईला बोलता येत न्हाय मला. पर हिचा भाऊ चांगला हाय. तेवढा शर्ट हू दे.”

आता कामाचं सांगते. कापड कमी असलं की शिंपी जोड देतो, आणि तो जोड दिसू न देणं ही शिंप्याची इज्जत. कॉलरीच्या खाली, कफच्या आत, खांद्याच्या आतल्या बाजूला तुकडे बसवायचे. मालक यातले उस्ताद. पण इथं लपवायला जागाच नव्हती. पुढचा भाग, पाठ आणि अर्ध्या बाह्या, एवढ्यात कापड संपत होतं. आणि दुसऱ्या कापडाचा जोड चोरून लावला असता तर गंगाक्कानं तो नक्की शोधला असता आणि म्हटलं असतं, बघा, कमीच होतं.

म्हणून मी ठरवलं, लपवायचं नाही. दाखवायचं. असा दाखवायचा की जोड नसता तर शर्ट अपुरा वाटला असता.

वडगावला भावाकडं, नागाप्पाकडं गेले. घरात आमच्या लहानपणी मागांचा खडखडाट असायचा, आता एकच माग चालतो. माझ्या शर्टांनी त्याचे बंद माग चालू होणार नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं वाईट वाटल्याशिवाय त्या घरातनं मी कधी बाहेर पडत नाही. त्याच्याकडं एका साडीचा डाळिंबी काठ होता, साडी मागावरच बिघडलेली. मी तो काठ मागितला. म्हणाला, “पैलवानाला साडीचा काठ? मार खाशील सुमे.” म्हटलं, “मारू दे. तू कापून दे.”

काठ आणि पीस दोन्ही आधी पाण्यात भिजवले. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात काठ एकीकडं आक्रसतो आणि कापड दुसरीकडं, शर्टाच्या सुरळ्या होतात. मग कापलं. बटणपट्टी काठाची. कॉलर नाहीच, गळ्याला काठाची उभी पट्टी. काखेपासनं खालपर्यंत दोन्ही बाजूंना काठाचे पट्टे, त्यानं घेर वाढला. बाह्यांची टोकं काठाची. आणि काखेत चौकोनी तुकडा. हा तुकडा जुन्या पैरणीत असायचा, वैरणीचा भारा डोक्यावर चढवताना हात वर गेला पाहिजे म्हणून. तयार शर्टवाल्यांनी तो कधीच काढून टाकला. मी परत घातला.

मालक बघत होते. “जोड दिसतोय गं सगळा.”

“दिसू दे.”

शर्ट काजांसाठी त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी पिस्त्याच्या रंगाचं रीळ उचललं. मी ते काढून घेतलं आणि लाल रीळ हातात दिलं. मालकांनी माझ्याकडं नीट बघितलं.

“भांडण काढायलीस.”

“मी कुठं तोंड उघडलंय?”

हसले, आणि एकेक काज लाल दोऱ्यानं भरत बसले. असलं काज माझ्या हातनं होत नाही, कबूल करते. पिस्ता, डाळिंबी आणि त्यावर लाल काजं. सांगताना भडक वाटतंय, पण तेव्हा टेबलावर पसरला तर रस्त्यानं जाणारी पोरं थांबून बघायला लागली.

जत्रेच्या जेवणाला लक्ष्मीनं मला आग्रहानं बोलावलेलं. गेले. ओट्यावर पाव्हणेरावळे बसलेले, आत रश्श्याचा घमघमाट. गंगाक्का मधोमध उभ्या राहून सगळ्यांना कामाला लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, “तू व्हय?” तेवढ्यात बाळू आला. काडीसारखा पोरगा, हातात केळ्यांचा घड, दारातच घुटमळला. लक्ष्मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडं निघाली आणि मधेच थांबली. सगळ्यांच्या माना गंगाक्कांकडं वळल्या. गंगाक्कांनी जाहीर केलेलं सगळ्यांना माहीत होतं.

आणि आतनं भरमा बाहेर आला, तो शर्ट घालून.

“आयला! भरमानं शर्ट घातला!” कुणीतरी ओरडलं. पोरं गोळा झाली. कुठनं आणला, कुणी शिवला, कोल्हापूरचा काय. भरमा म्हणाला, “आमच्या मेव्हण्यानं आहेर केलाय,” आणि दोन्ही हात पसरून दारातल्या बाळूला केळ्यांच्या घडासकट मिठी मारून वर उचललं. मी डोळे मिटले. काखेतनं टर्र आवाज यायची वाट बघितली. नाही आला!

गंगाक्का पुढं झाल्या. लेकाच्या शर्टाची पट्टी बोटात धरली, जोड शोधायला असणार. जोड तर उघडाच होता. मग त्यांचं बोट एका काजावर थांबलं. मग दुसऱ्यावर. कापड त्यांनी चिमटीत धरून उन्हाकडं केलं, त्यातली चमकी बघितली. मग माझ्याकडं वळून बघितलं. दंडाला धरून मला आत, चुलीपाशी घेऊन गेल्या.

“लाल दोरा तुझाच न्हवं?”

“माझाच.”

“हे कापड त्येच?”

“त्येच.”

चुलीत लाकूड सारायला वाकल्या, उगीचच. “सुनंला सांगितलंस?”

“न्हाय.”

“का? लई बोललीवती मी तुला.”

“गंगाक्का, मी शिंपीण हाय. उसवायचं काम मी फुकट करत न्हाय.”

मग पदर खोचला आणि बाहेर गेल्या. मीही मागोमाग. काय करणार ह्या, मला अंदाज येईना. लक्ष्मी भिंतीला टेकून उभी होती, तांब्या हातात तसाच. गंगाक्कांनी बाळूला हाताला धरून आणलं, पहिल्या पंगतीत, भरमाच्या शेजारी बसवलं आणि स्वतः ताट वाढलं. वाढता वाढता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, “बाळू, पुढच्या बारीला येताना तुझा मापाचा शर्ट घेऊन ये. आमच्या घरचा आहेर आता शिवूनच द्यायचा.”

लक्ष्मीनं तांब्या खाली ठेवला आणि पदरात तोंड लपवून रडली. या बारीला मी तिला गप्प बस म्हटलं नाही. मलाच दिसत नव्हतं धड.

त्यानंतर येळ्ळूरची पोरं रांगेनं यायला लागली. प्रत्येकाच्या हातात कपाटातला एकेक आहेराचा पीस, आणि मागणी एकच, भरमाण्णासारखा जोडाचा, लाल काजांचा. त्यांना वाटतं ती फॅशन आहे. वाटू दे. मालक म्हणतात, जन्मभर मी जोड लपवला आणि तू त्याचे पैसे घेतीस. घेते!

मग एक दिवस गंगाक्का आल्या. एका हातात बाळूचा मापाचा शर्ट, दुसऱ्या हातात नवं कापड, ताग्यावरनं कापून आणलेलं, भरपूर. टेबलावर ठेवलं. “मोज.” मोजलं. उरत होतं. “फुली घालू नको मग,” म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “काजं कुठल्या बी रंगाची कर. लाल सोडून.”

शर्ट शिवून झाला. मालकांनी विचारलं, कुठलं रीळ देऊ? मी लाल पुढं सरकवलं.

न्यायला आल्या तेव्हा गंगाक्कांनी शर्ट उघडला, काजं बघितली आणि कमरेवर हात ठेवले. “सुमे, तुला सांगितलेलं कळत न्हाय व्हय गं?”

“कळतं की. पर आता गावातली सगळी पोरं लाल काजांचाच घालत्यात, गंगाक्का. तुमच्या पावण्यालाच कमी कशाला?”